जुन्या संगणकाची परीक्षा
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेत ‘जुने ते टाकाऊ’ असे कोणी म्हणणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक सहज सुटतो. बहुतेक शाळांच्या एखाद्या बंद खोलीत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक आच्छादनाखाली धूळ खात असतात. ते भंगारात द्यावेत की मुलांच्या हाती, याचा निर्णय पुष्कळदा तपासणी न करताच होतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार संपला आणि तिच्यापुढची आवृत्ती जुन्या यंत्रांना सामावून घेत नाही. त्यामुळे चालती यंत्रेही एका दिवसात म्हातारी ठरली. आजच्या भाषणाचा विषय या यंत्रांची परीक्षा हा आहे. आणि ती परीक्षा खेळांच्या साहाय्याने घ्यावी, असे येथे सुचवायचे आहे.

खेळच का? पत्र टंकलिखित करताना संगणक बहुतेक वेळ स्वस्थ बसलेला असतो. खेळात मात्र प्रोसेसर, मेमरी, पडद्यावरील चित्र, ध्वनी, माऊस आणि कीबोर्ड या सर्वांना एकाच वेळी राबावे लागते. कोणता अवयव थकला आहे, हे खेळ दहा मिनिटांत सांगतो. शिवाय, निकाल समजण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पडदा अडखळला की पहिलीतल्या मुलालाही कळते.

खेळाला बलाढ्य यंत्र लागते, ही समजूत इतिहासाला धरून नाही. ‘टेट्रिस’ हा जगप्रसिद्ध खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर रचला. त्या यंत्राला चित्रे काढताच येत नव्हती. म्हणून खाली पडणारे तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखवले गेले. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राची मुख्य मेमरी अवघी २ किलोबाइट होती. त्याच्याच स्वस्त नकला पुढे भारतातील घरोघरी ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ म्हणून पोचल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडांची भांडणे लावून गेल्या. या तुलनेत शाळेच्या खोलीतला १ गिगाबाइट मेमरीचा संगणक पाच लाख पटींनी श्रीमंत आहे.

अल्पशक्ती यंत्राकडून अधिक काम कसे घ्यावे, या प्रश्नाचा भारतातील गंभीर विचार बेंगळुरूने केला. तेथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि ‘एन्कोर सॉफ्टवेअर’ या कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी एकत्र येऊन ‘सिम्प्युटर’ हा तळहाताएवढा संगणक घडवला. २००१ मध्ये तो जगासमोर आला. त्याचा प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्झचा होता आणि तो लिनक्स या मुक्त प्रणालीवर चाले. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती विक्रीस आली. यंत्र हलवले की त्याला कळावे, अशी सोय तिच्यात होती, आणि तीही आजच्या स्मार्टफोनच्या युगापूर्वी. बाजारात सिम्प्युटर टिकला नाही. परंतु साधन तोकडे असले तरी विचार तोकडा असण्याचे कारण नाही, हे त्याने दाखवून दिले.

याच शहरातील दुसरा प्रयोग शाळांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. २००५ मध्ये बेंगळुरूत ‘मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया’ ही प्रयोगशाळा सुरू झाली. ग्रामीण शाळांत एका संगणकाभोवती पाच-सहा मुले बसतात, माऊस एकाच्याच हाती राहतो आणि बाकीची केवळ पाहत राहतात, हे तेथील उदय सिंग पवार, ज्योयोजीत पाल, केंटारो तोयामा आदी संशोधकांच्या ध्यानात आले. त्यांनी यंत्र बदलले नाही, माऊस वाढवले. पडद्यावर प्रत्येक मुलाचा वेगळा बाण दिसू लागला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामीण भागातील २३८ विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्द शिकवणारा खेळ दिला गेला. प्रत्येकी एक माऊस घेऊन पाच जण एका संगणकावर बसले, तरी एकूण पाहता ती मुले एकट्याने संगणक वापरणाऱ्या मुलांइतकेच शब्द शिकली.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. खेळाची रचना दोन प्रकारे केली होती : एकीत चढाओढ, दुसरीत सहकार्य. या लहानशा फरकाने मुलांच्या वागण्यात आणि शिकण्यात मोठे अंतर पडले. मुलग्यांचे शिकणे रचनेनुसार बदलले. मुली मात्र सर्व रचनांत जवळपास सारख्याच शिकल्या. तात्पर्य असे की, संगणक किती वेगवान आहे या प्रश्नाइतकाच खेळ कसा मांडला आहे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जास्तीचा माऊस काही शे रुपयांत येतो. नव्या संगणकाला काही हजार मोजावे लागतात.

आता प्रत्यक्ष परीक्षेची रीत. प्रथम यंत्र उघडून धूळ काढावी आणि पंखा फिरतो की नाही ते पाहावे. घड्याळ वारंवार मागे जात असेल तर आतील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. नंतर प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, आणि मेमरी किती, याची नोंद करावी. ही नोंद आवश्यक आहे. कारण ‘डेबियन’सारख्या प्रतिष्ठित मुक्त प्रणालीनेही २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली आहे. अशा यंत्रासाठी आधीची अथवा अधिक हलकी प्रणाली शोधावी लागते. हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहता येते.

मग खेळ चढत्या क्रमाने लावावेत. आरंभी बुद्धिबळ किंवा शब्दकोडे. त्यात चित्र क्वचितच हलते. पुढे २००२ पासून उपलब्ध असलेला ‘टक्स पेंट’. यात रेघ हाताबरोबर धावते की मागे रेंगाळते हे दिसते. त्यानंतर २००० मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला ‘जीकॉम्प्री’ हा लहान मुलांसाठीच्या अनेक खेळांचा संग्रह. त्याच्या नव्या आवृत्तीला चित्रांची बरी ताकद लागते, म्हणून जुन्या यंत्राचा खरा कस येथे लागतो. शेवटी धावत्या चित्रांचा एखादा खेळ. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. खेळात त्याच्या आसपासचा वेग सातत्याने टिकला तर मुलांना अडचण वाटत नाही. प्रत्येक खेळ निदान अर्धा तास चालू ठेवावा. पाच मिनिटे उत्तम चालणारे यंत्र तापल्यावर मान टाकते. निकाल एका वहीत यंत्रागणिक लिहावा आणि हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडेच सोपवावे. मोजणे, नोंदणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहणे हीच विज्ञानाची पद्धत आहे.

अपयशाचे निदानही यातूनच होते. खेळ सुरू व्हायलाच वेळ लागला तर बहुधा हार्ड डिस्क संथ आहे. चालता चालता सगळेच गोठले तर मेमरी अपुरी आहे. केवळ चित्र अडखळले तर दोष चित्रशक्तीचा. मेमरीची जुनी पट्टी बेंगळुरूच्या एस. पी. रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारात थोड्या पैशांत मिळते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच यंत्र पुन्हा उभे राहते.

तथापि प्रत्येक जुने यंत्र वाचवलेच पाहिजे, असा आग्रह नको. ज्याचा वीजपुरवठा भाग जळका वास देतो, ते मुलांजवळ ठेवू नये. ज्याच्या प्रणालीला सुरक्षेचा आधार उरला नाही, ते इंटरनेटला जोडू नये. परीक्षेत नापास झालेले यंत्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावे. शिसे व तत्सम विषारी द्रव्ये मातीत गेली तर त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

परंतु आधी परीक्षा आणि मग निकाल, हा क्रम शाळेनेच जगाला शिकवला आहे. बेंगळुरूतील मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी देणगीतून मिळालेल्या जुन्या संगणकांवर झोपडवस्तीतील मुलांसाठी आंबेडकरांच्या नावाने संगणक केंद्र उभे केले. ज्या मुलांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी शाळेतला जुना संगणक हाच पहिला संगणक असतो. बंद खोलीच्या दाराआड कदाचित असे दहा ‘पहिले संगणक’ उभे असतील. हीरकमहोत्सवी वर्षात ते दार उघडावे, यंत्रे एकेक करून तपासावीत आणि पुढील वर्षाच्या स्नेहसंमेलनापूर्वी उत्तीर्ण यंत्रांची यादी सूचनाफलकावर लावावी, एवढीच विनंती.