तसबिरीच्या पाठीवर नाव

(पनवेलमध्ये बचत गटांतील स्त्रियांसाठी भरलेल्या कागदी तसबिरींच्या दोन दिवसांच्या वर्गाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज आणि उद्या आपण कात्री, गोंद, पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका, साड्यांचे काठ असं सगळं घेऊन बसणार आहोत. जुन्या वळणाच्या लाकडी चौकटीत, काचेच्या आत, एकामागे एक थर लावून एक देखावा उभा करणार आहोत. स्त्रियांच्या संघटनेनं असले वर्ग कशाला घ्यायचे, असं मला दोघीतिघींनी विचारलं. "हिंसाचार, पोटगी, रेशनकार्ड हे विषय संपले का?" असा त्यांचा सूर होता. विषय संपलेले नाहीत. पण या कात्री-गोंदाच्या कामातही तोच प्रश्न दडलेला आहे, असं मला वाटतं. बाईनं केलेल्या कामावर नाव कुणाचं, आणि त्याची किंमत ठरवतं कोण? त्याबद्दल थोडं बोलते, मग कामाला लागू.

ही कला काही परदेशातून आलेली नाही. तुमच्यापैकी कित्येकींच्या आजीच्या घरी, देवघराच्या वरच्या भिंतीवर, लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर असेल. चित्र छापील, पण देवीच्या लुगड्याला खरी जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, पदराखाली कापूस भरून आणलेला उठाव. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कार्ले-भाजे बघायला आपण ज्या स्टेशनावर उतरतो, तेच हे मळवली. तिथं दगडावरून चित्रं छापली जात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. त्याआधी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली होती. या छापखान्यांमुळे ज्यांना देवळात जायला मज्जाव होता त्यांच्याही घरी देव आला, आणि मध्यम परिस्थितीच्या घरातही भिंतीवर रंगीत चित्र आलं.

छापील चित्र घरी आलं की घरातल्या बायका त्याला सजवत. साडीचा भाग कापडानं मढवायचा, काठाला जर शिवायची, मुकुटाला टिकल्या लावायच्या. हा उठाव काचेला टेकू नये म्हणून चौकट खोल करून घ्यायची. म्हणजे कागद, कापड, धातूची तार, काच आणि लाकूड अशा पाच जिनसांचं ते काम झालं. आज संग्रहालयांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत या तसबिरींना मोठा भाव येतो. चित्राखाली छापखान्याचं नाव असतं, चित्रकाराचं नाव जगाला ठाऊक असतं. जिनं दुपारच्या दुपारी डोळे ताणून ती जर बसवली, तिचं नाव मात्र पुढेही नाही आणि मागेही नाही.

आता दुसरं उदाहरण बघा. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाची बाई होऊन गेली. जन्म १७००. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १७७२ मध्ये, तिनं रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलझाडं करायला सुरुवात केली. दहा वर्षांत, दृष्टी मंदावेपर्यंत, तिनं जवळजवळ हजार झाडं केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती सरदार घराण्यांत वावरणारी बाई होती, तिच्याजवळ वेळ होता आणि ओळखी होत्या, हे विसरून चालणार नाही. पण तिनं आणखी एक गोष्ट केली. चित्रावर आपल्या नावाची अक्षरं कागदात कापून लावली आणि मागे झाडाचं नाव, तारीख, ठिकाण लिहून ठेवलं. म्हणून अडीचशे वर्षांनी आपण तिचं नाव घेऊ शकतो.

कलेच्या इतिहासात शिकवतात की चिकटचित्राचा शोध १९१२ च्या सुमारास पिकासो आणि ब्राक या दोन चित्रकारांनी लावला. १९७७-७८ मध्ये अमेरिकेत मिरियम शपीरो आणि मेलिसा मेयर या दोघींनी याला हरकत घेतली. बायकांच्या एका गटानं चालवलेल्या, आपल्या या त्रैमासिकासारख्याच नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. बायका शेकडो वर्षं चिंध्या, फोटो, लेस, पत्रं जपून ठेवतात आणि जोडून काहीतरी नवं करतात, त्या कामाला कलेचा दर्जा का नाही, असा त्यांचा सवाल होता. आपल्या गोधडीबद्दल आणि जरीच्या लक्ष्मीबद्दल तोच सवाल आपणही करायला हवा.

आता देखाव्याकडे येऊ. पनवेलच्या जुन्या वाड्याचा देखावा करायचा असं आपण ठरवलं आहे. इथली नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका झाली २०१६ मध्ये. मधल्या काळात वाडे पडले आणि इमारती उभ्या राहिल्या. वाड्यांच्या कोरीव चौकटी भंगारात गेल्या, आणि आता तशाच दिसणाऱ्या चौकटी शोभेसाठी विकत मिळतात! तर जुन्याची हौस बाजारात आहे आणि आपण ती वापरणार आहोत, पण डोळे उघडे ठेवून.

मागच्या वर्गात सगळ्याजणींनी वाड्याचं बाहेरचं रूप केलं. ओसरी, खांब, तुळशीवृंदावन, मागे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका. फार देखणं झालं होतं. मी एवढंच विचारलं, "या वाड्यात दळणारी बाई कुठं बसते?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं पात्याची सुरी घेतली, ओसरीच्या भिंतीत खिडकीएवढी चौकोनी जागा कापली आणि तिच्या मागे अर्ध्या इंचावर काळपट कागदाचं माजघर बसवलं. आत जातं आणि पाठमोरी बाई. सपाट चित्रात हे साधलं नसतं. थरांचा फायदाच हा, की पुढच्याला छिद्र पाडून मागचं दाखवता येतं. जुन्या वाड्याचं गोडवं गायचं असेल तर त्यातला अंधारही दाखवायला हवा.

कृती सांगते, लिहून घ्या. सुताराकडून दीड इंच खोलीची पेटी करून घ्यायची, किंवा जुन्या चौकटीला मागून दीड इंचाच्या पट्ट्या ठोकायच्या. चौकट नवी असली तर आधी गडद तपकिरी रंगाचा हात द्या. वाळला की कडांना आणि कोपऱ्यांना मेणबत्ती घासा, मग वर फिका रंग. पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासलं की मेणाच्या जागचा वरचा रंग सुटतो आणि शंभर वर्षं हात लागल्यासारखी चौकट दिसते. कागद जुना दिसायला चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा.

थर चार ठेवू. सर्वांत मागे आभाळ आणि डोंगर, त्यापुढे माजघर, त्यापुढे ओसरी, सर्वांत पुढे अंगण. दोन थरांमध्ये जाड पुठ्ठ्याचे टेकू, कडेला लपतील असे. मागचे रंग फिके, पुढचे गडद, म्हणजे लांबी-खोली दिसते. गोंद पातळ लावा. जास्त झाला की कागद फुगतो आणि वाळताना वाकतो, म्हणून प्रत्येक थर वजनाखाली रात्रभर ठेवायचा. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने दमट हवा. घरची खळ वापरणार असाल तर बुकबाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घाला, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा. कापडाचे, टिकल्यांचे उठाव काचेला टेकू देऊ नका, टेकले तिथं बुरशी धरते. शेवटी मागची फट कागदाच्या पट्टीनं बंद करा.

आता पैशाचं. समाजकार्याच्या अभ्यासात आम्हांला 'उत्पन्नवाढीचे उपक्रम' असा एक शब्द शिकवला जातो. पापड, लोणची, शिवण आणि आता शोभेच्या वस्तू. उत्पन्न किती वाढतं आणि कुणाचं, हा प्रश्न त्या शब्दात झाकून जातो. आमच्या एका गटाकडे मुंबईचा एक व्यापारी आला. सामान त्याचं, मजुरी नगाला १५० रुपये. मागे नाव लिहायचं नाही, ही अट. बायकांनी वहीत तास लिहिले. एका तसबिरीला १४ तास लागत होते. म्हणजे तासाला अकरा रुपयेसुद्धा पडत नव्हते.

त्या गटात विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावची बाई आहे. उलव्याचा डोंगर कापला गेला, नदीचा प्रवाह वळवला गेला, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. तिनं वाडा केला नाही. आपलं पाडलेलं घर केलं, मागच्या थरात तो डोंगर पूर्वी होता तसा उभा केला. अंगणात तिच्या जुन्या साडीच्या काठाचं भाताचं खाचर. व्यापाऱ्याला काम पसंत पडलं. म्हणाला, "अशा पन्नास करा. पण हा डोंगर कुठला तो लिहू नका. गिऱ्हाइकाला नुसतं गाव हवं असतं." ती म्हणाली, "नुसतं गाव कुठं असतं का हो, भाऊ?"

गटात वाद झाला. काहीजणींना काम घ्यायचंच होतं, मुलांच्या फिया भरायच्या होत्या. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, तुम्हांलाही नाही. पाचजणींनी काम घेतलं, पण तासांची वही पुढे ठेवून मजुरी १५० वरून २६० वर नेली. अजूनही ती किमान वेतनाच्या जवळपास नाही. बाकीच्यांनी स्वतः हिशेब केला. सामान ४२० रुपये, १४ तास दर तासाला ५० प्रमाणे ७००, गाडीभाडं आणि मोडतोड ८०, एकूण १२०० रुपये. मागे नाव आणि गाव. दिवाळीच्या विक्रीत २२ मांडल्या, ९ गेल्या. हा काही मोठा विजय नव्हे. पण ती नऊ घरं आता त्या नऊ बायकांची नावं ओळखतात. डोंगराची तसबीर मात्र तिनं विकायला काढली नाही.

घरी बसून काम करणारी बाई ही कामगार आहे, हे सांगायला जगालाही फार वेळ लागला. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेनं १९७२ पासून हा प्रश्न लावून धरला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तोवर आपली तासांची वही हाच आपला पुरावा.

आणि नावाचं म्हणाल तर ते कधीच आपोआप लागलेलं नाही. लक्ष्मीची तसबीर घरोघरी होती, पण घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा हे सांगायला १९८९-९० च्या सुमारास शेतकरी संघटनेला 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढावी लागली. महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचं नाव सरकारी कागदांवर सक्तीचं झालं ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. विमानतळाच्या गावांतल्या किती बायकांचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर होतं, हे त्यांनाच विचारा. एका तसबिरीच्या पाठीवर नाव लिहिल्यानं उतारा बदलत नाही. पण आपलं नाव लिहिण्याची लाज मोडते. ती मोडल्याशिवाय तलाठ्याच्या टेबलापर्यंत पाय जात नाहीत, हे मी गेली काही वर्षं बघते आहे.

तेव्हा उद्या संध्याकाळी, मागची पट्टी चिकटवण्याआधी, प्रत्येकीनं पुठ्ठ्यावर चार गोष्टी लिहायच्या. आपलं नाव, आपलं गाव, तारीख, आणि किती तास लागले ते. शाई दमट हवेत फुटते, म्हणून शिसपेन्सिलीनं लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं शेजारणीकडून आपलं नाव कागदावर लिहून घ्यावं आणि ते स्वतः गिरवावं. त्यासाठी वेळ राखून ठेवला आहे.

आता वह्या उघडा. पहिल्या पानावर तास मांडायला सुरुवात करू.