मास्टर भगवान : पिटातल्या प्रेक्षकांचा नट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय कळवावा, असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा मी ‘मास्टर भगवान’ एवढे दोनच शब्द लिहून पाठविले. त्यावर त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारणा केली, की सुवर्णमहोत्सवाच्या मानाने हा विषय किंचित हलका तर होणार नाही ना? बालगंधर्व किंवा व्ही. शांताराम यांच्यावर बोलल्यास कसे? चिटणीसांना मी दोष देत नाही. आपण मराठी माणसे आपल्या कलावंतांची एक पंगत मांडून ठेवतो आणि तिच्यात काहींना पहिल्या पाटावर, तर काहींना ओसरीवर बसवितो. भगवानदादांचे पान आपण नेहमीच ओसरीवर मांडले. आजचे बोलणे त्या पानाविषयी आहे.

या शहरात हा विषय निवडण्याला आणखी एक कारण आहे. चेन्नई, म्हणजे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून असलेले मद्रास, आणि भगवानदादा यांचा एक जुना ऋणानुबंध आहे. १९४०च्या सुमारास ‘जयक्कोडी’ आणि १९४१ मध्ये ‘वनमोहिनी’ हे दोन तमिळ बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. ‘वनमोहिनी’त एम. के. राधा नायक होते आणि रानात वाढलेल्या तरुणीच्या भूमिकेत तवमणी देवी. दोन्ही चित्रपटांचे संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर या तरुणाचे होते. हेच पुढे सी. रामचंद्र म्हणून सर्वतोमुखी झाले. संगीतकार म्हणून त्यांचा श्रीगणेशा तमिळ पडद्यावर व्हावा आणि तो एका मराठी दिग्दर्शकाच्या हातून व्हावा, हा योग मला तरी मोठा मौजेचा वाटतो. १९४२ साली ‘सुखी जीवन’मधून अण्णांना हिंदीत वाव देणारेही भगवानदादाच.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीस झाला. वडील गिरणीकामगार. मुलानेही काही काळ अंगमेहनतीची कामे केली. शिक्षण बेताचे, ओढ दोनच गोष्टींची, कुस्ती आणि सिनेमा. ‘दादा’ ही उपाधी त्यांना त्या कुस्तीनेच मिळवून दिली, असे म्हणतात. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत त्यांनी चित्रपटसृष्टीत पाऊल टाकले आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्या जोडीने ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला.

त्यानंतरची दहाअकरा वर्षे आपले अभ्यासक एका वाक्यात उरकतात. कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट, बस्स! माझ्या मते खरा भगवान येथेच घडला. हे चित्रपट कोण पाहात असे? दिवसभर मागावर उभा राहिलेला, कानात यंत्राचा खडखडाट घेऊन बाहेर पडलेला कामगार. त्याला पल्लेदार संवाद नको होते. पिटात बसून शिट्टी मारावी, खलनायकाला चार ठोसे पडताना पाहावे आणि हलक्या मनाने खोलीवर परतावे, एवढीच त्याची अपेक्षा असे. भगवानदादा त्याच वस्तीतून आलेले होते, त्यामुळे ही अपेक्षा त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. डग्लस फेअरबँक्स हे त्यांचे दैवत. त्याच्याप्रमाणेच उड्या आणि हाणामाऱ्या ते स्वतः करीत. १९४२ मध्ये ते निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूरला त्यांचा जागृती स्टुडिओ उभा राहिला. पिटातल्या आण्या-आण्यांनी उभारलेला तो स्टुडिओ होता.

या काळातील एक घटना मात्र गौरवाच्या भरात गाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि जवळजवळ तीन वर्षे उपचारांत गेली. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तेथे संपली. पुढे त्याच अधू डोळ्याने त्यांनी खाष्ट सासू अजरामर केली, हे ललिताबाईंचे कर्तृत्व. त्याने त्या थपडेचे ओझे हलके होत नाही. खोटी मारामारी खरी वाटावी, हा भगवानदादांच्या धंद्याचा मंत्र होता आणि त्याची किंमत एका सहकलावंत स्त्रीने मोजली. त्यांच्या चरित्राचा हा भाग इतर सर्व भागांइतकाच खरा आहे.

मारधाड पुरे, आता सामाजिक चित्रपट काढा, असा सल्ला त्यांना राज कपूर यांनी दिला आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक सबकुछ भगवान. ठेंगणा, स्थूल, नायकाचे एकही लक्षण अंगी नसलेला हा गृहस्थ गीता बालीसमोर उभा राहिला! घरच्यांच्या लेखी कुचकामी ठरलेला, नाटकाच्या वेडाने झपाटलेला प्यारेलाल त्यांनी रंगविला. त्या प्यारेलालमध्ये पिटातल्या प्रत्येकाने स्वतःला पाहिले. सी. रामचंद्रांनी बाँगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट यांची अशी काही धमाल उडविली, की लोक गाण्यांसाठी पुन्हा पुन्हा तिकिटे काढीत. भगवानदादांसाठी अण्णांनी ‘चितळकर’ या नावाने गळाही दिला. त्याच चित्रपटातील अंगाईगीत ऐकले म्हणजे या दोन मित्रांना नुसता धांगडधिंगाच येत होता, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

आणि तो नाच! गुडघे किंचित वाकलेले, कंबर अर्धीच वळलेली, हात सैल, चेहऱ्यावर लाजरे हसू. शास्त्रीय नर्तक त्याला नाच म्हणणार नाहीत. परंतु ज्याला नाचता येत नाही त्यालाही नाचता येईल, असा तो नाच होता. अमिताभ बच्चनसारख्या नटाच्या पदन्यासात पुढे त्याची खूण दिसली, ती उगीच नव्हे.

‘अलबेला’नंतर १९५३ मध्ये ‘झमेला’ आणि १९५६ मध्ये किशोरकुमारसह ‘भागम भाग’ आले. पण तो चमत्कार पुन्हा घडला नाही. यापुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, आठवड्याच्या वारागणिक एक अशा सांगितल्या जाणाऱ्या सात मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत राहावयास आले. मिळेल ती लहानसहान भूमिका, बहुधा गर्दीत दोन पावले नाचण्यापुरती, ते करीत राहिले. सी. रामचंद्र, ओमप्रकाश, राजेंद्रकृष्ण अशा मोजक्या मित्रांनी साथ सोडली नाही. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर निघाला.

ही कहाणी सांगताना आपण बंगल्यापासून चाळीपर्यंतचा उतार तेवढा मोजतो आणि उसासा टाकतो. मला तो उसासा थोडा परका वाटतो. चाळ ही ज्याला पायरीने खालची वाटते, त्याचा तो उसासा आहे. पैशाचा व्यवहार त्यांना साधला नाही, हे उघड आहे. हाल झाले, हेही खरे. पण ज्या वस्तीच्या जोरावर त्यांनी सर्व मिळविले, तिच्यातच ते परत आले होते, आणि तेथे त्यांना ओळख सांगावी लागत नव्हती.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या विसर्जनाला एक तरुण, याच शहरात जन्मलेला, मराठी अडखळत बोलणारा, लेझीमवाल्यांच्या मागे एकटाच नाचत होता. गुडघे वाकलेले, हात सैल, चेहऱ्यावर तेच लाजरे हसू. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, “हा नाच कोठे शिकलास रे?” तो गोंधळला. म्हणाला, “काका, शिकलो नाही. बाबा असेच नाचायचे.” भगवानदादांचे नाव त्याने ऐकलेले नव्हते. मी सांगितले. त्याने मान हलविली आणि ताशा पुन्हा सुरू होताच तो गर्दीत शिरला.