जात्याचा खुंटा



मुरबाड तालुक्यात डोंगरउतारावरची नागली घरात आली, की पहाटे जात्याची घरघर सुरू होते. आणि कान देऊन ऐकणाऱ्याच्या ध्यानात येईल, की पहिल्या दोनतीन फेऱ्यांत ओवी नसते, कारण त्या वेळी दळणारीचा सारा दम दगडाला जागचा हलविण्यातच खर्ची पडत असतो.

खुंटा दगडाच्या काठाशी बसवितात, मध्याजवळ नव्हे. कारण बल तेच असले, तरी ते आसापासून जितक्या दूर लावावे तितका त्याचा फिरविण्याचा जोर, ज्यास शास्त्रात बलाघूर्ण म्हणतात, अधिक होतो. येथवर कोणाची तक्रार नाही. घोटाळा पुढे आहे. बलाघूर्णाने चाक फिरते असे आपण सरसहा म्हणतो. वस्तुतः त्याने मिळते ते कोनीय त्वरण, म्हणजे फिरण्याच्या वेगातील वाढ किंवा घट, आणि ते किती मिळावे याचा फैसला जडत्व-आघूर्ण, म्हणजे वस्तूचे वस्तुमान आसापासून किती दूर पसरले आहे याचे माप, करते, ज्याचे विवेचन गणितज्ञ ऑयलरने 1765 च्या आपल्या ग्रंथात केले आहे.

या आघूर्णाचा हिशेब मोठा कठोर आहे. जात्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन चौपट होते, पण जडत्व-आघूर्ण 16 पट. उलट खुंटा दुप्पट दूर गेल्याने बलाघूर्ण मात्र दुप्पटच वाढते, म्हणजे त्याच हाताला त्वरण आठवा हिस्सा मिळते. थोरल्या जात्यावर दोघीजणी समोरासमोर बसतात, त्यात सोबतीचा भाग किती आणि गणिताचा किती, हे त्यांनाच विचारावे.

एकदा लय लागली, की हाताचे व घर्षणाचे बलाघूर्ण समसमान होऊन त्वरण शून्यावर येते. घाम मात्र शून्यावर येत नाही. नवा घास पडताच दगड मंदावतो, मनगट आपसूक जोर वाढविते, आणि ओवी एखाद्या मात्रेपुरती लांबते.

शहापूरकडच्या कुंभाराला मात्र हेच जडत्व हवे असते. जड कडेच्या चाकातील खळग्यात काठी रोवून तो ते गरगरा फिरवितो, काठी बाजूस ठेवतो, आणि मडक्याचा गळा निघेपर्यंत चाक आपल्याच वेगात चालत राहते.

घरी जाते असेल, तर खुंटा सोडून दगड मध्याजवळ धरून फिरवून पाहावा. मात्र मूठभर दाणे घालूनच, कारण रिकामे जाते फिरविल्याने दगडाची टाकी, म्हणजे त्यावर ठोकून पाडलेला खरखरीतपणा, झिजते.