सात जागांचं वाद्य

आदरणीय गुरुजन, आणि इतक्या वर्षांनी भेटूनही अजून अरे-तुरेच करणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

'करिअर' या विषयावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं. मी सॉफ्टवेअरवाली, तेव्हा पगार, परदेश, एआय असं काही ऐकायला मिळेल असं तुम्हाला वाटलं असेल. मी सांगणार आहे जॅझमध्ये ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिचं नाव मेल्बा लिस्टन. जन्म १९२६, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी.

ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नसतात. एक नळी मागेपुढे सरकवायची. तिच्या सात जागा, पण त्यांवर खुणा नसतात. हातानं आणि कानानं त्या पाठ करायच्या. मेल्बाला हे वाद्य मिळालं सातव्या वर्षी. शेवटच्या जागांपर्यंत हात पोचेना, म्हणून ती मान वळवून हात लांबवायची. बरंचसं ती आपली आपणच शिकली. पुढे लॉस एंजेलिसला अल्मा हायटावर या शिक्षिकेच्या हाताखाली तयार झाली आणि विशीच्या आत जेराल्ड विल्सनच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवू लागली. तिथेच ती अरेंजिंगही शिकली. म्हणजे कोणत्या वाद्यानं कुठे काय वाजवायचं, ते कागदावर लिहून काढणं. आमच्या धंद्यातल्यासारखंच: काम सगळ्यांना दिसतं, करणारा दिसत नाही.

१९४९ मध्ये बिली हॉलिडेबरोबर ती अमेरिकेच्या दक्षिण भागात दौऱ्यावर गेली. दौरा फसला, हाल झाले. मेल्बानं वाजवणं सोडलं आणि लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी धरली. काही वर्षं तशीच गेली.

१९५६ मध्ये डिझी गिलेस्पीनं परदेश दौऱ्यासाठी तिला वाद्यवृंदात घेतलं. तिनं वाद्य पुन्हा हातात घेतलं. १९५८ मध्ये तिच्या स्वतःच्या नावाच्या ध्वनिमुद्रिकेचं ध्वनिमुद्रण झालं. पियानोवादक रँडी वेस्टनच्या रचनांचं अरेंजिंग तिनं पुढे कित्येक वर्षं केलं. सत्तरच्या दशकात जमैकात जाऊन संगीत शिकवलं. १९८५ मध्ये तिला पक्षाघात झाला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. मग ती संगणकाच्या मदतीनं अरेंजिंग करू लागली! १९८७ मध्ये तिला 'जॅझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. १९९९ मध्ये ती गेली.

हे सगळं आज सांगायचं कारण आपल्या स्मरणिकेचा माहिती-अर्ज. ते अर्ज संगणकावर भरायचं काम माझ्याकडे होतं. 'व्यवसाय' या रकान्यात आपल्या सात-आठ मैत्रिणींनी 'काही नाही' असं लिहिलंय. त्यांतली एक गणितात वर्गात पहिली यायची. एकीनं बारा वर्षं बँकेत काढली आणि सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. मेल्बानं कारकुनीच्या दिवसांत असा अर्ज भरला असता, तर 'संगीत' हा शब्द तिनं लिहिला असता का, कोण जाणे. पण त्या सात जागा तिच्या हातात होत्याच.

मैत्रिणींनो, स्मरणिका छापायला जायला अजून वेळ आहे. जेवणानंतर माझ्याकडे या. तो रकाना आपण पुन्हा भरू. तुम्हाला काय येतं, तेवढं लिहा. बाकी टाइप मी करते.