शेण फुकट नसतं

आज गोबरगॅस आणि स्लरीच्या खताविषयी बोलायचं आहे. संयंत्र कसं बांधतात हे गवंडी सांगेल. आपण बोलू पैशाविषयी. तो आणायचा कुठून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हप्ता फेडायचा कशातून. हल्ली ग्रामसंघाच्या बैठकीत दर महिन्याला हा विषय निघतो, आणि घाईघाईनं ठराव होण्याआधी त्यावर नीट बोलणं व्हावं असं आम्हाला वाटतं.

प्रशिक्षणात एक शब्द वारंवार ऐकू येतो, चक्राकार अर्थव्यवस्था. एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं कच्चं सामान, आणि काहीच उकिरड्यावर जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जनावरानं कडबा खाल्ला, शेण दिलं, शेणातून गॅस निघाला, उरलेली स्लरी रानात गेली, रानातून पुन्हा कडबा आला. आपल्याला यात नवीन काही नाही. जुन्या लुगड्यांवर स्टीलचा डबा देणारी बोहारीण हा धंदा कधीपासून करते आहे! पण तिची एक सवय ध्यानात घ्या. डबा हातात देण्याआधी ती लुगडं झटकते, उजेडात धरते, कुठं विरलंय ते बघते. जुन्याला किंमत आहे हे तिला ठाऊक असतं, पण किती आहे हे ती आधी ठरवते. शेणाच्या बाबतीत आपण नेमकं हेच करत नाही. "शेण काय, घरचंच आहे" म्हणतो आणि कर्जाच्या अर्जावर सही करतो.

तर आधी शेण मोजू या. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण पन्नास किलो ताजं शेण लागतं, आणि तेवढंच पाणी. गोठ्यात बांधलेलं मोठं जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतं, म्हैस थोडं जास्त. म्हणजे चार-पाच जनावरं हवीत, आणि तीही गोठ्यात बांधलेली. दिवसभर चरायला जाणाऱ्या जनावराचं निम्मं शेण माळावरच पडतं. दोन गाई असलेल्या घरानं दोन घनमीटरचं संयंत्र घेतलं की सहा महिन्यांत त्यावर वैरण रचलेली दिसते. अशी बंद पडलेली संयंत्रं तुमच्याही गावात असतील. ती बहुतेक शेणावाचून किंवा पाण्यावाचून बंद पडली आहेत. यंत्र बिघडलं म्हणून बंद पडलेली थोडी. तेव्हा जनावरं कमी असतील तर एक घनमीटरचं बघा, किंवा शेजारणीशी बोलून दोन गोठ्यांत एक घ्या.

पहिल्यांदा टाकी भरायला तर जवळपास दोन टन शेण लागतं. त्यानंतरही गॅस धरायला दोन-तीन आठवडे जातात, थंडीत आणखी जास्त. म्हणजे बांधकाम झालं त्या दिवशी चूल बंद होत नाही. आणि पाणी? फेब्रुवारीपर्यंत अडचण नसते. मार्चनंतर जिथं टँकर येतो तिथं रोजचं पन्नास लिटर कोण आणणार, हे आधीच विचारा. गोमूत्र धरून ठेवलं तर काही पाणी वाचतं. पण हंडा बाईच्याच डोक्यावर येणार असेल, तर तोही खर्चातच धरायचा.

आता गॅसचा हिशेब. दोन घनमीटरवर चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. समजा संयंत्राला ४०,००० रुपये खर्च आला. केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला आपल्याकडं १४,३५० रुपये अनुदान होतं. आज किती आहे आणि कुणाला मिळतं, ते पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारूनच पुढं जा. उदाहरणापुरतं तेवढंच धरलं तर उरले २५,६५० रुपये. ते गटाकडून महिना एक टक्का व्याजानं, तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता बसतो साधारण ८५० रुपये.

हे ८५० कुठून येणार? ज्या घरात महिन्याला एक टाकी लागते, तिथं वर्षातल्या दहा टाक्या वाचल्या असं धरू, कारण हिवाळ्यात गॅस कमी पडतो. टाकी ९०० रुपयांची धरली तर वर्षाला ९,००० वाचले, म्हणजे महिन्याला ७५०. हप्त्याला शंभर रुपये कमीच पडतात. आणि जे घर सरपणावर चालतं, तिथं रोकड एक रुपयाही वाचत नाही. धूर वाचतो, डोळे वाचतात, सरपणाची पायपीट वाचते. हे सगळं मोलाचं आहे, आम्ही ते कमी लेखत नाही. पण पायपीट वाचल्याची पावती घेऊन बँक हप्ता जमा करत नाही. एकट्या गॅसच्या भरवशावर कर्ज काढू नका, असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच.

आणखी एक. अनुदान बहुतेक वेळा बांधकाम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर खात्यात येतं. तोवर पूर्ण ४०,००० तुमच्या अंगावर. सहा महिने उशीर झाला तर अनुदानाच्या रकमेवरच साडेआठशेच्या वर व्याज जातं. म्हणून अनुदानापुरतं वेगळं, थोड्या मुदतीचं कर्ज ग्रामसंघाच्या समुदाय गुंतवणूक निधीतून घ्यावं आणि अनुदान आलं की एकदम फेडून टाकावं. बाकीच्याचा मासिक हप्ता वेगळा. दोन्ही एकाच कर्जात मिसळले की अनुदानाचे पैसे लग्नकार्यात जातात आणि मुद्दल तसंच राहतं.

खरी कमाई आहे ती स्लरीत. गॅस होताना शेणातला कार्बन जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश जवळपास तसेच मागे राहतात. म्हणजे तेच शेण आधी चुलीला आणि मग रानाला, असं दोनदा कामी येतं. मात्र स्लरी उघड्या उन्हात वाळवली की नत्राचा बराच भाग उडून जातो. सावलीतला खड्डा आणि वर पालापाचोळा, एवढं तरी हवंच. स्वतःच्या रानात वापरली तर खताच्या गोणीमागं किती वाचले ते वहीत लिहा. उरली तर विका.

विकायची म्हटली की एकटीचं काम राहत नाही. रोजची शंभर लिटर पातळ स्लरी कोण नेणार, आणि कशातून? गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात बायकांनी याचं उत्तर शोधलं आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीनं तिथं घरामागं गोबरगॅस बसले. बायका गॅस घरी वापरतात, स्लरीतली लागेल तेवढी शेताला ठेवतात आणि उरलेली बायकांच्याच सहकारी मंडळीला विकतात. भाव प्रतीप्रमाणं मिळतो. स्लरीत पाणी किती, कस किती, ते बघून. त्या स्लरीपासून खतं तयार होतात, आणि अशा खतांसाठी मंडळानं 'सुधन' नावाची मोहोर केली आहे. दुधाच्या डेअरीत फॅट लावतात तसंच हे. आमच्या मते तिथली मोठी गोष्ट ही की स्लरी गोळा करायला, तपासायला आणि खपवायला गावातच एक संस्था उभी राहिली. आपल्याकडं उलटं होतं. आधी संयंत्र येतं, गिऱ्हाईक नंतर शोधतात.

आपल्या गटांना लगेच जमण्यासारखा रस्ता गांडूळखताचा. स्लरी आणि काडीकचरा कुजवून बेडमध्ये भरला, गांडुळं सोडली, सावली आणि ओल राखली, की दोन-अडीच महिन्यांत खत हाताशी येतं. पण त्याची मागणी बारा महिने सारखी नसते. खरिपाआधी मे-जूनमध्ये उचल होते, रब्बीआधी थोडी. द्राक्षाच्या पट्ट्यात एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या आगेमागे, डाळिंबाला बहार धरताना. मधले महिने खत पडून राहतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला दारात. गट चांगलं खत करूनही थकबाकीत जातात ते इथं. म्हणून बँकेशी बोलताना दोन मागण्या करा. पहिले चार महिने फक्त व्याज, मुद्दल नाही. आणि त्यानंतर मोठे हप्ते विक्रीच्या हंगामात, लहान हप्ते मधल्या काळात. आराखड्यात महिनेवार विक्री लिहून दिली असेल, तरच व्यवस्थापक हे ऐकतो. नुसतं तोंडी सांगून ऐकत नाही.

कर्ज मागतानाही सगळं शेड आणि यंत्रातच घालू नका. कोटेशन देणारा माणूस चाळणीचं मशीन, गोणी शिवायचं मशीन, सगळं एकदम घ्यायला सांगतो. त्याचं काय जातं! सुरुवातीला चाळण हातानं हलवता येते. पैसा ठेवायचा तो बायकांच्या मजुरीसाठी, गोण्यांसाठी, टेम्पोच्या भाड्यासाठी. या धंद्यात कच्चा माल स्वस्त दिसतो, पण तो गोळा करण्यात, कुजेपर्यंत थांबण्यात आणि खपेपर्यंत सांभाळण्यात पैसा अडकतो. कर्जाचा निदान तिसरा हिस्सा खेळत्या भांडवलाला राहावा असं आमचं मत आहे.

बँकेचे नियमही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणं बचत गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, स्वतःचा हिस्सा भरा म्हणायचं नाही, आणि गटाच्या बचत खात्यातले पैसे अडकवून ठेवायचे नाहीत. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याज आहे. कुठल्या शाखेत "आधी मुदत ठेव ठेवा" असं सांगितलं, तर भांडू नका. तेच लेखी द्या म्हणा, आणि बँक सखीला सोबत न्या. अर्थात आपली दशसूत्री, वही आणि परतफेड चोख असेल तरच आपला आवाज चढतो. पिशवीवर गटाचं नाव छापून खत विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश, १९८५ चे निकष लागतात, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांना आधी भेटा.

काही कंपन्या कमी किमतीत संयंत्र देतात आणि बदल्यात कार्बन क्रेडिटचा हक्क लिहून घेतात. चुलीतला धूर आणि शेणखड्ड्यातला वायू कमी झाला, त्याची किंमत त्या बाहेर वसूल करतात. यात गैर काही नाही. पण किती वर्षांसाठी, मध्ये संयंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोणाची, आणि आपण गाई विकल्या तर काय, ही तीन उत्तरं कागदावर मराठीत मिळाल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

शेवटी एक गोष्ट, जी आराखड्याच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. माळावरचं शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. त्यांना जमीन नाही, जनावर नाही. शेणाला भाव आला की गोठ्याचा मालक शेण आवरून ठेवतो, आणि पहिली झळ त्यांना बसते. धंदा गावाचा आणि नुकसान तिचं, हे आम्हाला पटत नाही. म्हणून आमच्या ग्रामसंघात आता चर्चा चालू आहे की खताच्या बेडवरच्या कामाची पहिली मजुरी अशा बायकांना द्यायची, आणि गोठा नसला तरी त्यांना गटात समान सभासद म्हणून घ्यायचं. काहीजणींचा विरोध आहे. "जिचं शेण तिचा नफा" असं त्या म्हणतात. त्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नफ्याची वाटणी शेणाच्या वजनावर करायची की कामाच्या दिवसांवर, हे अजून ठरलेलं नाही. दोन्हींच्या वह्या मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवणार आहोत. स्लरीचे पैसे गोठ्यात राबणाऱ्या बाईच्याच खात्यात जातील, घरच्या दूध खात्यात नाही, हा ठराव तेवढा एकमतानं झाला.

तुमच्या ग्रामसंघात ही वाटणी कशी करता, ते पुढच्या बैठकीत लिहून सीआरपीताईंकडं द्या. पुढच्या वेळी आपण ती पत्रं वाचू आणि सोबत गांडूळ बेडच्या खर्चाचा तपशील घेऊ.