काळ्या धाग्याची किमया

आज संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर पर्वतही लीलया उचलता येतो. १९३७ साली हे साधन नव्हते. विजय भट्ट यांच्या ‘ख्वाब की दुनिया’ या चित्रपटात अदृश्य मनुष्याची करामत दाखवायची होती. सुरतेत जन्मलेल्या, विशीही न गाठलेल्या बाबुभाई मिस्त्री यांनी काळ्या धाग्याने वस्तू हलवून ती साधली. ‘काला धागा’ हेच त्यांचे टोपणनाव झाले. पुढे त्यांनीच ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) आणि ‘महाभारत’ (१९६५) दिग्दर्शित केले.

धागा दिसला, तर प्रयोग फसतो. न दिसला, तर तो ओढणारा हातही विस्मृतीत जातो. बाबुभाई २०१० साली निवर्तले. पडद्यावरील देवदर्शनाने हात जोडणाऱ्या समाजाने त्या अदृश्य हातांचेही ऋण मानले पाहिजे.