टॅब्लेट की लॅपटॉप : निर्णय कामाच्या हिशेबाने

(पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू झाली की पुंडलिकनगरसारख्या वसाहतीतील अनेक घरांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. घरात टॅब्लेट आहे; त्यावर धडे पाहता येतात, पुस्तके वाचता येतात, अर्जही भरता येतात. मग मुलासाठी किंवा मुलीसाठी वेगळा लॅपटॉप घेण्याची खरोखरीच आवश्यकता आहे काय? हाच प्रश्न शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे येतो आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढेही येतो. तिन्ही ठिकाणी पैसा मोजूनमापून खर्च करावयाचा असतो आणि एकदा झालेली खरेदी चारपाच वर्षे निभावून न्यावी लागते. दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न किमतीचा होऊन बसतो. वस्तुतः तो कामाचा प्रश्न आहे, आणि कामाचा हिशेब मांडल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही.

कल्पनेचा उगम

पाटीसारख्या सपाट संगणकाची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ साली मुलांसाठी अशा एका यंत्राचा आराखडा मांडला व त्यास ‘डायनाबुक’ असे नाव दिले. वहीच्या आकाराचे, कोठेही नेता येईल असे ते यंत्र त्या काळी तयार होऊ शकले नाही. परंतु त्या आराखड्यात पडद्याबरोबर कळफलकही होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुलाने त्या यंत्रावर केवळ वाचावे असे त्यांना अभिप्रेत नव्हते; त्याने लिहावे, रेखाटावे, स्वतः काही घडवावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे २०१० साली ॲपल कंपनीचा ‘आयपॅड’ बाजारात आला आणि टॅब्लेट घरोघरी पोहोचण्यास प्रारंभ झाला. त्यात कळफलक काचेवर उमटणारा होता. यंत्र हलके व सोपे झाले, पण त्याचा कल लेखनापेक्षा वाचनाकडे व पाहण्याकडे अधिक झुकला.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्या देशात या प्रश्नाची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली ती ‘आकाश’ टॅब्लेटच्या निमित्ताने. विद्यार्थ्यांना परवडेल असे हे यंत्र केंद्र शासनाने ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे सादर केले. पहिल्या आवृत्तीचा पडदा ७ इंचांचा होता आणि तो बोटाने दाबावा लागे. यंत्राची गतीही मंद होती. या उणिवा ध्यानात घेऊन सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. या टप्प्यात प्रकल्पाची जबाबदारी मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे होती. तेथील प्राध्यापक दीपक फाटक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ यंत्र तपासून समाधान मानले नाही; सी, सी प्लस प्लस, पायथन यांसारख्या संगणकभाषांचा सराव टॅब्लेटवर करता यावा यासाठी आज्ञावलीही तयार केल्या. यंत्र हाती देणे पुरेसे नाही, त्यावर कोणते काम व्हावयाचे आहे ते आधी ठरवावे लागते, हा धडा या प्रकल्पाने दिला.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचे उदाहरणही शिक्षकवर्गास परिचित आहे. शिक्षक संदीप गुंड यांच्या पुढाकाराने त्या लहानशा शाळेत टॅब्लेटचा वापर सुरू झाला आणि ती शाळा राज्यभर चर्चेचा विषय ठरली. प्राथमिक वर्गातील मुलांना चित्र, ध्वनी व खेळ यांच्या साहाय्याने शिकण्यास टॅब्लेट उत्तम साधन ठरतो, हे त्यावरून दिसून आले. सहा वर्षांच्या मुलाला लॅपटॉपची कळ शोधावी लागते. टॅब्लेटवर तो थेट चित्रावर बोट ठेवतो.

अलीकडच्या काळात नागपूर येथील महात्मा जोतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजे ‘महाज्योती’ने, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व एमएचटी-सीईटी या परीक्षांच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी टॅब्लेट दिले, सोबत दररोज ६ जीबी इंटरनेट डेटाची सोयही केली. व्याख्याने ऐकणे, प्रश्नसंच सोडविणे, टिपणे वाचणे या कामांसाठी टॅब्लेट पुरेसा आहे आणि खासगी शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व मोठे आहे. येथे पालकांनी एक बारकावा मात्र ध्यानी घ्यावा. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा केंद्रावरील संगणकावर, माऊसच्या साहाय्याने द्यावयाच्या असतात. ज्या विद्यार्थ्याने वर्षभर काचेवर बोट फिरविले आहे, त्याने परीक्षेपूर्वी शाळेच्या अथवा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात काही सराव परीक्षा अवश्य द्याव्यात. त्यासाठी घरी लॅपटॉप असलाच पाहिजे असे नाही; परंतु संगणक कक्षाचे कुलूप उघडे असले पाहिजे.

टॅब्लेट कोठे सरस ठरतो

ज्या कामात पाहणे, वाचणे, ऐकणे आणि थोडक्यात नोंद करणे एवढेच अपेक्षित असते, तेथे टॅब्लेट निःसंशय सोयीचा आहे. त्याचे वजन साधारणपणे अर्धा किलो असते, तर सामान्य लॅपटॉप दीड किलोच्या आसपास भरतो. टॅब्लेट उभ्याने, चालताना, झाडाखाली बसूनही वापरता येतो. त्यास कॅमेरा असल्याने छायाचित्र घेणे, कागद टिपून पाठविणे, स्थळाची नोंद करणे ही कामे एकाच यंत्रावर होतात. म्हणूनच क्षेत्रीय पाहणीची अनेक शासकीय कामे आज हातातील यंत्रावर होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर करतो; अंगणवाडी सेविका ‘पोषण ट्रॅकर’वर बालकांचे वजन व उंची नोंदवितात. या कामांसाठी कोणी लॅपटॉप घेऊन शेतात जावे, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही.

शिक्षकांनाही वर्गात टॅब्लेटचा लाभ होतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड टिपला की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचावरील साहित्य समोर येते. घरातील वडीलधाऱ्यांनाही टॅब्लेट मानवतो. अक्षरे दोन बोटांनी मोठी करता येतात आणि वर्तमानपत्र, कीर्तन, नातवंडांशी संभाषण हे सर्व एका ठिकाणी मिळते.

लेखनाची कसोटी

खरा फरक पडतो तो लिहिण्याच्या वेळी. काचेवरील कळफलक उघडला की पडद्याचा मोठा भाग त्यानेच व्यापला जातो आणि मागील मजकूर दृष्टीआड होतो. दोन ओळींच्या निरोपास त्याची अडचण भासत नाही. परंतु ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळेचा वार्षिक अहवाल, प्रकल्प लेखन किंवा वीस रकान्यांचा तक्ता तयार करताना लिहिणाऱ्यास मागचेपुढचे एकत्र दिसावे लागते. मराठीच्या बाबतीत ही गरज अधिकच जाणवते. जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार यांच्या दुरुस्त्या करताना दोन अक्षरांच्या मधोमध बोट नेमके टेकविणे जिकिरीचे होते. बोलून लिहिण्याची सोय टॅब्लेटवर आहे व ती उपयुक्तही आहे. तथापि गावांची नावे, आडनावे आणि प्रशासकीय संज्ञा यांत तिच्याकडून चुका होतात आणि त्या पुन्हा हाताने सुधाराव्या लागतात.

यात तरुणांच्या उपजीविकेचाही प्रश्न गुंतला आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द अथवा इंग्रजीचा ४० शब्द असावा लागतो. पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाच्या परीक्षा घेते, त्या खऱ्या कळफलकावरच द्याव्या लागतात. दहा बोटांची ही सवय काचेवर लागत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या मराठवाड्यात मोठी आहे; त्यांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हे.

टॅब्लेटला कळफलक जोडता येत नाही काय, असा प्रश्न यावर विचारला जाईल. अवश्य जोडता येतो, आणि मधूनमधून लिहिणाऱ्या व्यक्तीचे त्यावर भागतेही. परंतु चांगला टॅब्लेट, वेगळा कळफलक, आधार देणारे आवरण आणि लेखणी यांची बेरीज केली म्हणजे ती पुष्कळदा साध्या लॅपटॉपच्या किमतीजवळ जाऊन पोहोचते. तेव्हा स्वस्ताईचे मूळ कारणच उरत नाही.

कार्यालयातील अडचणी

ग्रामपंचायतीचे उदाहरण पाहू. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवरून वित्त आयोगाच्या निधीची देयके अदा करताना सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांची डिजिटल स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी ज्या लहानशा डोंगलमध्ये असते, तो यूएसबीच्या खाचेत बसवून त्याची आज्ञावली संगणकावर स्थापित करावी लागते. सर्वसाधारण टॅब्लेटवर हे काम होत नाही. प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र यांची जोडणीही संगणकावर अधिक सहजपणे होते.

दुसरी अडचण जुन्या कागदपत्रांची आहे. अनेक कार्यालयांतील जुन्या फाईली श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेल्या आहेत. युनिकोडपूर्व पद्धतीचा हा मजकूर टॅब्लेटवर उघडला असता मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. तो वाचण्यासाठी आणि युनिकोडमध्ये आणण्यासाठी संगणकच हवा. शाळांनाही विद्यार्थ्यांची यू-डायस प्लस माहिती भरताना एका बाजूस नोंदवही अथवा तक्ता आणि दुसऱ्या बाजूस संकेतस्थळ, असे दोन्ही उघडे ठेवावे लागते. लहान पडद्यावर हे काम करणारा शिक्षक रात्री उशिरापर्यंत अडकून पडतो आणि चूक झाली तर तिचा फटका विद्यार्थ्याच्या नोंदीला बसतो.

किमतीचा खरा हिशेब

खरेदीच्या वेळी फक्त पहिला खर्च पाहिला जातो. दुरुस्तीचा विचार मागे पडतो. टॅब्लेटची बॅटरी बहुधा आत चिकटविलेली असते आणि काच फुटल्यास खर्च मोठा येतो. अनेक लॅपटॉपांत मात्र स्मृती वाढविणे, साठवणुकीचा भाग बदलणे, बॅटरी नवी घालणे ही कामे शहरातील दुरुस्तीच्या दुकानात होऊ शकतात. लॅपटॉपलाही वयोमर्यादा आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे अडचणीत आली. तरीही अशा यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालून शाळेत ते आणखी काही वर्षे चालविता येते. सुरक्षा सुधारणा बंद झालेल्या टॅब्लेटला असा दुसरा जन्म क्वचितच मिळतो. यंत्र घेताना कंपनी किती वर्षे सुधारणा पुरविणार आहे, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

निर्णयाची साधी पद्धत

यावर एक सोपा उपाय सुचविता येईल. खरेदीपूर्वी एक आठवडा कामाची नोंद ठेवावी. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : पाहणे व वाचणे, थोडक्यात नोंदविणे, लिहिणे व रचणे. प्रत्येक दिवशी कोणत्या रकान्यात किती वेळ गेला ते मांडावे. पहिल्या दोन रकान्यांतच बहुतेक वेळ जात असेल तर टॅब्लेट पुरेसा आहे. लॅपटॉपवरचा खर्च वाचवावा. तिसऱ्या रकान्यात रोज तास-दीड तास जात असेल, तर टॅब्लेटने लॅपटॉपची जागा घेता येणार नाही. नोंद ठेवताना सध्याच्याच नव्हे, तर पुढील वर्षाच्या कामाचाही विचार करावा. आज बारावीत असलेल्या मुलीला टॅब्लेट पुरतो. उद्या ती अभियांत्रिकीला किंवा वाणिज्य शाखेला गेली की तिला आज्ञावली लिहावी लागेल, हिशेबाचे तक्ते करावे लागतील.

ही नोंद घरातील प्रत्येकाची वेगळी असावी. एकच यंत्र असलेल्या घरात ते बहुधा मोठ्या मुलाच्या हाती राहते आणि मुलीच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. लॅपटॉपवर प्रत्येकाचे वेगळे खाते उघडता येते. त्याबरोबर प्रत्येकाची वेळही ठरवून दिली, तर एका यंत्रावर दोघांचे शिक्षण होऊ शकते.

ज्यांना दोन्ही परवडत नाहीत, त्यांच्यासाठी सार्वजनिक सोय हाच मार्ग आहे. शाळेच्या संगणक कक्षातील किंवा ग्रंथालयातील चारसहा संगणक संध्याकाळी दोन तास खुले ठेवले, तर टॅब्लेटवर शिकणाऱ्या अनेक मुलांना लिहिण्याची जागा मिळेल. यासाठी नवीन योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही; व्यवस्थापन समितीचा एक ठराव आणि एका जबाबदार व्यक्तीची नेमणूक पुरेशी आहे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. मुलांच्या हाती वाचनाचे साधन बऱ्याच अंशी पोहोचले आहे. त्यांना लिहिते करणारे साधन त्यांच्या आवाक्यात आणणे, हे आता गावाचे आणि वसाहतीचे काम आहे.